शीरखुर्म्याचा डबा

मी शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला जास्त मजा येईल.

पडेगावला आमच्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं, एक आमचं आणि एक भाभींचं. ईदला भाभींकडून शीरखुर्मा येतो, तो त्यांच्या माहेरच्या स्टीलच्या डब्यातून. डब्यावर त्यांचं नाव आहे, त्यांच्या अब्बांनी शहागंजातून कोरून आणलेलं. खुर्मा आम्ही तासाभरात फस्त केला. डबा घासूनपुसून ओट्यावर ठेवला आणि गाडी अडली ती तिथंच, कारण आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत.

त्या खुर्म्याच्या तोडीचं भरायचं काय? अनारसे! घातले, तर ते हसले, म्हणजे तुपात पडताच पसरून त्यांचा नुसता चुरा झाला. अनारसे अलगद उचलायला माझ्याकडे सासूबाईंचा पितळी झारा होता, तो दोन वर्षांपूर्वी हरवला. तेव्हा मी सगळं घर पालथं घातलं होतं. सगळा दोष त्या झाऱ्यावर ढकलून मी चकल्यांकडे वळले. त्या वातड झाल्या. विकतचं भरावं तर भाभी एका घासात ओळखणार.

होता होता श्रावण आला. मध्येच एकदा तूरडाळीला भांडं नव्हतं म्हणून तेवढ्यापुरती त्या डब्यात ओतली. डबा डाळीसाठीच बेतल्यासारखा निघाला. कोरलेल्या नावावर मी 'तूरडाळ' अशी चिठ्ठी चिकटवली. ही चोरी नव्हे, ही सोय आहे, असं मी रोज डाळ काढताना स्वतःला सांगायचे. आणि काय सांगू, रोज पटायचंही!

एका संध्याकाळी भाभी दारात. "ताई, मेरा ईदवाला डब्बा तुम्हारे पास तो नई ना?"

"छे हो, तो मी कधीच मावशींच्या हाती पाठवला!" माझं तोंड बोलून मोकळं झालं. मला विचारलंसुद्धा नाही त्यानं.

मावशी म्हणजे गेली नऊ वर्षं आमच्या दोन्ही घरची भांडी घासणाऱ्या बाई. दार लावलं आणि मला जे हसू फुटलं, ते ओढणी तोंडात कोंबूनही थांबेना. चाळिशी उलटलेली बाई मी, डब्यापायी लहान मुलीसारखी थापा मारत होते.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. थोडी भांडी घासली, मग फळीवरचा डबा काढला, डाळ ताटात ओतली आणि चिठ्ठी नळाखाली धरली. ती सुटून मोरीत वाहून गेली.

"ताई, मला वाचता येतं, ठाऊक हाय ना तुमाला?"

माझी मान वर होईना. "देते हो मावशी. आज काहीतरी करते, भरते आणि..."

"काय बी करू नका. तुमचं कायच धड जमंना, ईदपासनं बघतीया मी." त्यांनी आपल्या कापडी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून डब्यात भरले. "आता चला. मी मागं उभी राहते. सांगायचं तुमी."

समोरचं दार आठ पावलांवर. पुढे डबा धरून मी, मागे पिशवी घेऊन मावशी, अशी आमची वरात निघाली. भाभींनी दार उघडलं आणि मी एका दमात सगळं ओकून टाकलं. तूरडाळ, चिठ्ठी, थाप, सगळं.

भाभींनी कपाळावर हात मारला. आत गेल्या आणि परत आल्या तर हातात माझा झारा!

"आटे के पीपे के पीछे पड़ा था, ताई. कब का मांगके लाई थी, तुम भी भूल गए, मैं भी. मिला तो शरम आई. सोची, खाली कैसे देऊं!"

"झाऱ्यात काय भरणार होता, भाभी? सगळी भोकंच की!"

झालं. दोघी उंबऱ्यावरच बसलो आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. जरा दम घेतला की मी डबा दाखवायची, भाभी झारा दाखवायच्या, की पुन्हा सुरू.

मावशी हसत नव्हत्या.

"झारा गेला तवा ताईंनी माझी पिशवी उघडून बघितली," त्या म्हणाल्या. "काल डब्यापायी भाभींनी बघितली. एकमेकींची घरं कुणीच नाय बघितली."

खरंच बघितली होती मी. वर विसरूनही गेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाभी झाऱ्याकडे बघत राहिल्या. माफी मागायची सोडून मला सुचलं काय, तर, "मावशी, उद्या याल ना?"

"येईन की," मावशी जिना उतरता उतरता म्हणाल्या. "पर पिशवी नाय आणणार."