कच्च्या आवृत्त्यांची लॉरेटा

लॉरेटा पहिल्यांदा आमच्या घरी आली ती आमचा कुत्रा उसना मागायला. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये आमच्या मागच्याच रस्त्यावर तिला एक घर पसंत पडलं होतं. पण ऑफर देण्याआधी तिला त्या रस्त्यावरून चालून बघायचं होतं. एकदा ऑफिसच्या कपड्यांत, एकदा हुडी घालून, एकदा कुत्रा घेऊन. आम्ही दोघी एकाच इन्शुरन्स कंपनीत. ती डिझाइनमध्ये, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, ओळख कॅफेटेरियापुरती. आमचा बंड्या तिच्याबरोबर खुशाल निघून गेला. परत आल्यावर ती म्हणाली, "कुत्रा असला की लोक हात हलवतात. नसला की पोलिसांना लावायला फोन काढतात."

मग घर नको का, असं मी विचारलं.

"घर घेते," ती म्हणाली, "आणि कुत्राही."

लॉरेटा काळी अमेरिकन, शिकागोच्या दक्षिण भागात वाढलेली, पन्नाशीला टेकलेली. ऑफिसात ती आम्हाला डिझाइन थिंकिंग शिकवायची. आधी माणसाचं ऐका, अडचण नीट मांडा, मग पुठ्ठ्याची का होईना कच्ची आवृत्ती करा, लोकांच्या हातात द्या, बिघडलं की बदला. "हरायचं तर पुठ्ठ्यावर हरा," हे तिचं आवडतं वाक्य. दुसरं वाक्य, "युजर कधी चुकत नाही. चुकतं ते डिझाइन." आम्ही हे सगळं क्लेमच्या स्क्रीनसाठी वापरायचो. लॉरेटा स्वतःसाठी वापरायची.

वेण्या घातल्या तर मीटिंगमध्ये केसांची चर्चा होते आणि सरळ केले तर कामाची, हे तिने आलटूनपालटून ताडून पाहिलं होतं. तेव्हापासून महत्त्वाच्या मीटिंगच्या दिवशी ती केस इस्त्री केल्यासारखे करून यायची. माझा नवरा एकदा जेवताना तिला म्हणाला, "एवढं काय यार, सरळ जायचं आणि बोलायचं." तिने शांतपणे भात कालवला. "ते फीचर तुझ्या मॉडेलमध्ये आहे," ती म्हणाली. "माझ्यात दिलेलं नाही."

तिला डिझाइन विभागाची डायरेक्टर व्हायचं होतं. विभाग तिनेच उभा केला होता, त्यामुळे यात हावरेपणा काही नव्हता. पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा बॉसने सांगितलं की तिचं बोलणं फार तीव्र आहे. तिने आवाज खाली आणला, वाक्यांच्या आधी "मला वाटतं" लावलं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, फार मवाळ आहेस, नेतृत्व दिसत नाही. दोन्ही वेळी बाहेरून माणूस आला, लॉरेटाने त्याला काम शिकवलं आणि तो बढती घेऊन पुढे गेला.

तिसऱ्या वेळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन मुलाखतीच्या तालमी करू लागली. मी बॉस. पोळ्या लाटता लाटता मी आडवे प्रश्न विचारायचे आणि ती वेगवेगळ्या आवाजांत, वेगवेगळ्या हसण्यांनी उत्तरं द्यायची. हात कुठे ठेवायचे, विनोद कितव्या मिनिटाला करायचा, सगळं ठरत गेलं. मी नागपूरची, माझं इंग्रजी अजून नागपूरचंच आहे, आणि मला या देशात कुणी आजवर तीव्र म्हटलेलं नाही. शेवटची आवृत्ती मला निर्दोष वाटली. मी तसं सांगितलं.

निकालाच्या दिवशी ती माझ्या क्यूबिकलमध्ये आली आणि उभीच राहिली. बॉसचं म्हणणं असं, की सगळं छान होतं, पण फार घोटलेलं. यातली खरी लॉरेटा कोण, ते कळलं नाही.

मी तिला बसवलं. तिने खुर्ची माझ्या बंद मॉनिटरकडे वळवली.

"मी चुकीच्या युजरवर टेस्ट केली," ती म्हणाली. "तुला मी आवडते, वैजयंती. तुझ्यावर टेस्ट करून काय कळणार होतं?"

मी म्हटलं, वकील गाठ, भेदभावाचा दावा लाव. तीव्र, मवाळ, घोटलेलं, हे तिन्ही शब्द मी साक्षीला येऊन सांगेन म्हटलं. तिने नकारार्थी मान हलवली. वकिलासमोर पुन्हा एक लॉरेटा तयार करावी लागेल, ती म्हणाली, आणि आता तिच्याकडे पुठ्ठा उरलेला नाही. मग अगदी खालच्या आवाजात, "युजर चुकत नाही, हे मी किती वर्षं शिकवलं. आणि या बॉसलोकांनाच युजर धरून बसले. प्रॉडक्ट मी. घासत गेले, घासत गेले. घराची अडचण असेल तर घर बदलावं ना गं? मी राहणारीला बदलत बसले."

तिने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. दुसरी नोकरी हातात नव्हती.

शेवटच्या दिवशी मी तिला जेवायला नेलं. ऑफिसबाहेरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा विचारलं, कुठे जाऊ या? ती म्हणाली, तुला आवडेल तिथे. मी म्हटलं, माझं राहू दे, तुला काय खायचंय ते सांग. साधा प्रश्न होता. लॉरेटा माझ्याकडे वळली आणि माझ्या चेहऱ्यावरून नजर फिरवू लागली. डोळे, तोंड, पुन्हा डोळे. मला कोणतं उत्तर चालेल ते ती शोधत होती. ते मला कळलं, मला कळल्याचं तिलाही कळलं, तरी तिची नजर थांबेना.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी डावीकडे वळले.

"इथे चालेल," ती म्हणाली. अजून कुठलंच हॉटेल आलं नव्हतं.