युसूफभाईंना ऐकू न आलेली शिट्टी

युसूफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातपूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये लेथवर जॉब चढवत होते. फोनवर त्यांची मुलगी नाझनीन होती. "सुनंदामावशी, अब्बा गेले... फजरच्या नमाजाला उठले, वजू केला आणि तिथंच खाली बसले," एवढंच ती बोलू शकली. मी मशीन बंद केलं आणि तशीच, हाताला तेल लागलेल्या अवस्थेत त्यांच्या घरी गेले. पुरुषमंडळी जनाजा घेऊन निघाली, तेव्हा मी युसूफभाईंच्या पत्नी मेहरुनभाभींजवळ आतल्या खोलीत बसले होते. भाभी रडत नव्हत्या. मधूनमधून त्या माझा हात उचलून बघायच्या आणि ओढणीनं बोटांवरचं तेल पुसायच्या. आज या गोष्टीला पाच आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मला गॅरेजमधली एकच लाल गाडी आठवते, आणि तिच्याआधीचं सगळं तिच्याकडे येऊन थांबतं.

युसूफभाई मूळचे मालेगावचे. घरात यंत्रमाग, वडील विणकर. चार मागांच्या खडखडाटात पाळण्यापासून वाढलेला हा माणूस अठराव्या वर्षी नाशिकला आला तो गाड्यांच्या नादानं. सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी गॅरेज टाकलं आणि पुढे कधीतरी पलीकडचा गाळा मी भाड्यानं घेतला. मी डिप्लोमा झालेली, स्वतः लेथवर उभी राहणारी बाई. येणारा प्रत्येक माणूस आधी विचारायचा, "मालक कुठायत?" युसूफभाईंनी पहिल्या दिवशी तसलं काही विचारलं नाही. त्यांनी एक झिजलेला बुश, सांध्यात बसणारी धातूची आखूड नळी, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "ताई, असा एक करून द्या. पण हा घासलाय, त्याच्यापेक्षा केसभर जाड पाहिजे." दुसऱ्या दिवशी तो बसवून झाल्यावर ते पुन्हा आले, चहा घेऊन. त्या चहानं आमची जी ओळख झाली ती एकोणीस वर्षं टिकली.

गाडी तपासायची त्यांची एक रीत होती. आधी मालकाला बोलू द्यायचं, सगळं सांगून होईपर्यंत मध्ये एक शब्द नाही. मग इंजिन सुरू करायला लावायचं, एक तळवा बॉनेटखाली कुठंतरी टेकवायचा आणि डोळे मिटायचे. सुरगाण्याकडचे जीपवाले घाट उतरून त्यांच्याकडे यायचे, वाटेत दहा गॅरेजं सोडून. "युसूफभाईचा कान लय तिखट हाय," असं त्यातला एकजण मला म्हणाला होता. पुढे गाडीला जोडून बिघाड शोधायचा स्कॅनर आला, तोही त्यांनी घेतला, शिकले. पण स्कॅनरवरचे आकडे वाचून झाले की तळवा टेकवून डोळे मिटायचेच.

त्या कानांना काय झालंय ते मला कळायला लागलं ते हळूहळू. त्यांचा फोन खिशात वाजत राहायचा. मी डाव्या बाजूनं हाक मारली तर ते वळायचे नाहीत, उजवीकडून मारली तर लगेच. गिऱ्हाईक बोलत असताना ते त्याच्या ओठांकडे बघायचे आणि "हां, हां" म्हणायचे, कधीकधी जिथं "नाही" म्हणायला हवं होतं तिथंही. मला दिसत होतं. वर्षभर दिसत होतं... आणि मी काही बोलले नाही. ज्याचं नाव कानांवर झालंय त्याला हे कसं सांगायचं, असं मी स्वतःला समजावत राहिले.

अशात निकमसाहेब आले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, शिडशिडीत, बोलायला नेमके. आयुष्यभर स्कूटर आणि नंतर एक साधी मोटार चालवून त्यांनी निवृत्तीनंतर मनातली एक इच्छा पुरी केली होती: जुनी, दोन सीटची, लालभडक स्पोर्ट्स कार. पत्नीला शेजारी बसवून सापुताऱ्याला जायचं, एवढा साधा त्यांचा बेत होता. पण गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. आरपीएमचा काटा वरखाली नाचायचा, इंजिन धापा टाकायचं आणि एखाद्या वेळी बंदच पडायचं. पळताना मात्र काही तक्रार नाही. "चालवली की वाघ, थांबवली की दम्याचा रोगी," निकमसाहेब म्हणाले. शैलाताई, त्यांच्या पत्नी, आत बसलेल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्र्यंबक नाक्यावर भर गर्दीत गाडी बंद पडली होती आणि मागच्या ट्रकनं अगदी हातभर अंतरावर ब्रेक मारला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

युसूफभाईंनी प्लग बदलले, हवेचा मार्ग साफ केला. इंजिनच्या पाठीमागे एक रबरी पाइप जुना होऊन चिरलेला सापडला, तोही नवा घातला. गाडी छान झाली. आठ दिवसांनी परत आली, तशीच. त्यांनी कॉइल अदलाबदल करून बघितल्या, पेट्रोलचा दाब मोजला. स्कॅनर एकच सांगत होता, इंजिनला पेट्रोलच्या मानानं हवा जास्त मिळतेय. गाडी दोन दिवस बरी चालली आणि तिसऱ्यांदा परत आली. आता युसूफभाई चिडचिडे झाले होते. जेवणाचा डबा उघडून तसाच बंद करायचे. शेवटी ते निकमसाहेबांना म्हणाले, "साहेब, इंजेक्टर कमी पेट्रोल टाकतायत. बाहेरून मागवावे लागतील." निकमसाहेब तयार झाले. पण शैलाताई मागून म्हणाल्या, "इंजेक्टर येऊ देत नाहीतर नवं इंजिन येऊ दे. मी काही त्या गाडीत परत बसणार नाही." निकमसाहेबांचा चेहरा उतरला. ते गाडी गॅरेजमध्येच ठेवून रिक्षानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका जीपचे बुश द्यायला पलीकडे गेले. लाल गाडी सुरू होती, बराच वेळ सुरू असावी, कारण शेड तापली होती. बॉनेट उघडं, युसूफभाई डोळे मिटून उभे. मी जवळ गेले आणि सहज विचारलं, "ही शिट्टी कसली वाजतेय?"

त्यांनी डोळे उघडले. "कसली शिट्टी?"

"ही काय. बारीक... कुकरची सुरू व्हायच्या आधी होते तशी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग इंजिनाकडे बघितलं. मान वाकवून उजवा कान खाली नेला, आणखी खाली नेला. इतका की मला त्यांचा चेहरा भाजेल अशी भीती वाटली. शिट्टी स्पष्ट वाजत होती. वर उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव मी विसरू शकत नाही. लहान मुलाचा हात गर्दीत सुटावा, तसे.

"ताई," ते म्हणाले, "मला दाखवा. कुठून येतेय ते दाखवा."

त्यांनी एक हातभर नळी आणली, तिचं एक टोक माझ्या कानाशी धरायला दिलं आणि दुसरं टोक स्वतः इंजिनवर फिरवायला लागले. मी सांगत गेले... इथं नाही, मागं, आणखी मागं, खाली. "इथं!" त्या टोकाशी तोच रबरी पाइप होता, जो त्यांनी स्वतः नवा घातला होता. बसवताना त्याची कड आत दुमडली होती आणि वरची क्लिप तिरकी आवळली गेली होती. इंजिन तापलं की तिथं फट पडायची आणि इंजिन फटीतून हवा ओढायचं. वेगात असताना एवढीशी हवा कुठल्या कुठे जिरून जायची, उभ्या गाडीत तीच जड व्हायची. युसूफभाईंनी अंगठ्यानं ती कड दाबून धरली. शिट्टी थांबली, काट्यानं नाचणं सोडलं. इंजिन झोपलेल्या माणसासारखं एका लयीत चालू लागलं. ते त्यांना दुसऱ्या तळव्याला कळलं. त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली आणि स्टुलावर बसले.

"मी बसवताना ही शिट्टी वाजली असणार, ताई."

मी हातातली नळी गुंडाळायला लागले.

"तुम्हाला माहीत होतं? माझ्या कानाचं?"

"हो."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"मग बोलला का नाय?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं..."

ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाले, "आणि साहेबांच्या बायकोला त्या ट्रकनं उडवलं असतं, मग?" लगेच त्यांनीच पुढे म्हटलं, "तुमची काय चूक. मलाही माहीत होतं. मी पण नाय बोललो."

त्यांनी पाइप काढून नीट बसवला, मला पुन्हा ऐकायला लावलं आणि त्याच संध्याकाळी निकमसाहेबांना फोन करायला मला सांगितलं, कारण फोनवरचं त्यांना नीट कळत नसे. दोघंही आले. निकमसाहेबांच्या समोर उभं राहून युसूफभाईंनी सगळं सांगितलं: पाइप आपणच चुकीचा बसवला, शिट्टी आपल्याला ऐकू आली नाही, इंजेक्टर चांगले होते आणि आपण ते उगाच बदलायला लावणार होतो. "मला कमी ऐकू येतं, साहेब. हे मी पहिल्या दिवशी सांगायला पायजे होतं." निकमसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. ते बोलणार, काहीतरी कडक बोलणार, असं मला वाटलं. पण ते गाडीभोवती एक चक्कर मारून परत आले आणि म्हणाले, "तीस वर्षं टर्बाइनशेजारी काढली मी. मी रोज या गाडीत बसत होतो. मला तरी कुठं ऐकू आली?"

"मला आली होती," शैलाताई म्हणाल्या. "पाइप बदलल्यापासून ऐकतेय. यांना सांगितलं तर म्हणाले, वारा आहे."

मग आधी युसूफभाई हसले आणि त्यांच्यामागे निकमसाहेब. शैलाताईंनी दार उघडून बसायला पाय आत टाकला, मग थांबून युसूफभाईंना विचारलं, "आता बसू ना?" ते म्हणाले, "भाभी, ताईंनी ऐकलंय. बसा." पुढच्या रविवारी सापुताऱ्याहून परत येताना दोघं स्ट्रॉबेरीची एक पेटी ठेवून गेले.

युसूफभाईंनी पुढे ही गोष्ट लपवली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधीच सांगायचे, "मला कमी ऐकू येतं. गाडी देताना दुसरं कुणीतरी ऐकेल, मग न्या." काही गिऱ्हाइकं तुटली. एक जुना टॅक्सीवाला माझ्यादेखत म्हणाला, "बहिऱ्याकडे गाडी कशाला टाकायची?" आणि तो गेला. ते त्यांना लागलं. सुरगाण्याचे जीपवाले मात्र येत राहिले. नाझनीन त्यांना तपासणीला घेऊन गेली, कानाचं यंत्र आलं. पहिल्या दिवशी ते लावून गॅरेजमध्ये आले आणि अर्ध्या तासात माझ्या दारात उभे. "ताई, तुमचं लेथ एवढं ओरडतं? सतरा वर्षं तुम्ही हे सहन करता?" दोन वर्षं अशी गेली. गाडी द्यायची वेळ झाली की ते मला बोलवायचे, मी ऐकायचे, ते माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. मी मान हलवली की चावी मालकाच्या हातात. मीही माझ्या जॉबची मापं आता दुसऱ्याकडून बघून घेते, आधी मला त्याची लाज वाटायची.

परवा मी मेहरुनभाभींकडे गेले. नाझनीन शाळेत शिकवायला गेली होती, भाभी एकट्याच होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "ताई, एक सांगू? इतकी वर्षं मला वाटायचं, या माणसाचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नाय. मी स्वयंपाकघरातून काही विचारलं तर उत्तर नाय. मी भांडायची, रुसायची. मग बोलणंच कमी केलं." त्या थांबल्या. "यंत्र आलं त्या दिवशी मी सवयीनं, उत्तराची वाट न बघता म्हटलं, आज भाजी काय करू. तर बाहेरून आवाज आला, मेथी कर. मी पातेलं घेऊन तशीच उभी राहिले. दोन वर्षं, ताई... दोन वर्षं मी मुद्दाम आतूनच बोलायची. काहीबाही विचारायची."

मग चहा ठेवायला त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला, गॅस पेटला. आणि आतून त्यांची हाक आली, "साखर किती टाकू?" माझ्या चहात साखर नसते हे भाभींना कितीतरी वर्षं माहीत आहे; तो प्रश्न मला नव्हता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेरच्या खोलीत मी एकटीच होते. आत चमचा हातात धरून भाभी थांबल्या होत्या, आणि त्या थांबल्या आहेत तोवर आपण उत्तर देऊ नये, असं मला वाटलं.