कंपाउंडरचा डोस

दवाखान्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना कंपाउंडर हेच नाव, आणि बायको कंपाउंडरीणबाई. बाईंनी स्वतः तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं, पण ते कोण लक्षात ठेवतंय! थेंबाथेंबाने औषध मोजण्यात या माणसाचा जन्म गेला. त्यामुळे गॅलरीतल्या एकतीस कुंड्यांना ते पाणी घालत नसत, डोस देत. थंडीत शेवंतीला एक माप, क्रोटनला अर्धं, उन्हाळ्यात मोगऱ्याला दोन. बाईंनी मदतीला हात पुढे केला की म्हणायचे, "राहू दे. भाजीत तेल ओततेस तसं पाणी ओतशील." बाईही मानी. चाळीस वर्षांत त्यांनी एका कुंडीला बोट लावलं नाही.

यंदाचा उन्हाळा बागेने गाजवला. मोगरा नुसता लगडला होता, जास्वंदीची फुलं तर ताटलीएवढी. जाणारे-येणारे थांबून वर बघायचे. तक्रार एकट्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची. "अहो कंपाउंडर, माझे कपडे वाळायच्या आत पुन्हा भिजतात!" सगळे हसले. बोगनवेलीला मात्र फूल नाही, नुसती हिरवीगार पानं. जास्त पाणी झालं की बोगनवेल अशीच नुसती पानांनी माजते. हे कंपाउंडरांनीच गल्लीभर शिकवलेलं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पावसाळा लागला आणि झाडांनी माना टाकल्या. आधी गुलाब, मग क्रोटन. कुंडी उपडी केली की कुजकट वास. कंपाउंडरांनी मातीला शिव्या घातल्या, खतवाल्याला घातल्या, आणि शेवटी घरातच तोफ वळवली. "माझ्या माघारी तूच पाणी ओततेस!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कुठेतरी पाणी मुरत होतं हे खरं, आणि ते अगदी कुंडीतच मुरत होतं. गुडघा दुखतोय म्हणून एक दिवस त्या स्वयंपाकघराच्या दारातच शिवण घेऊन बसल्या. सातला डोस झाला. साडेआठला कंपाउंडर पुन्हा झारी भरायला आले. "आज राहूनच गेलं बघ." बाईंना वाटलं, थट्टा करतायत. साडेदहाला पुन्हा आले. बाराला पुन्हा. तेच वाक्य, तोच सूर.

म्हणजे उन्हाळाभर हेच चालू होतं. ऊन पाणी पिऊन टाकत होतं, म्हणून कळलं नाही.

लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांना स्पष्ट सांग आणि डॉक्टरकडे ने." सांग म्हणे! तोंडाने बोलायला काय जातं? ज्याचा हात उभ्या आयुष्यात एका गोळीने चुकला नाही, त्याला सांगायचं कसं? बाईंनी पाणी घातलं की कॅलेंडरवर खूण करायला लावून पाहिलं, तर "ही खूण तूच केलीस" म्हणून दोन दिवस भांडण.

आणि मग अडेनियम गेलं. वाळवंटातलं झाड, पावसापासून छज्ज्याखाली जपलेलं, सव्वीस वर्षांचं, लेक पहिलीत असताना आणलेलं. कंपाउंडरांनी त्याचा फुगीर बुंधा दाबला आणि अंगठा आत गेला.

"हे कोणी केलं?"

आज सांगायचंच, असं बाईंनी सकाळी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"मी," त्या म्हणाल्या. "सुकल्यासारखं वाटलं, म्हणून मीच घातलं पाणी."

मग काय विचारता! खालच्या वहिनी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या इतका आवाज चढला. "पावसाळ्यात अडेनियमला थेंब द्यायचा नसतो, थेंब! अक्कल गहाण ठेवली होतीस?" बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. नियम सगळे पाठ होते माणसाला, एकही विसरला नव्हता. त्यांना रडू त्याचंच आलं.

दुपारी कंपाउंडर स्वयंपाकघरात आले आणि पाटावर टेकले.

"तू नाही घातलंस."

"अहो, जाऊ द्या ना आता."

"तू कुंडीला हात लावणारी नव्हेस. मीच ना? किती वेळा देतो मी?"

"सोडा हो."

"आकडा सांग."

"चार. कधी पाच."

"रोज?"

"रोज."

मग ते म्हणाले, "मला भीती वाटते गं." चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं. उठून त्यांनी झारी आणली आणि बाईंच्या हातात दिली. "उद्यापासून डोस तू द्यायचा. माप मी सांगेन. पण झारी मी मागितली तरी देऊ नकोस. भांडलो तरी देऊ नकोस. वाट्टेल ते बोललो तरी नाही."

दुसऱ्या दिवशी सातला बाईंनी सगळ्यांना पाणी दिलं. मापं कंपाउंडरांनी खुर्चीत बसून सांगितली, एकही चुकली नाही.

साडेआठला ते दारात उभे राहिले.

"झारी कुठे आहे? आज राहूनच गेलं."

"झालंय पाणी."

"कोणी घातलं? तुला कोणी सांगितलं माझ्या झाडांना हात लावायला? दे इकडे!"

ते भांडले. वाट्टेल ते बोलले. बाईंनी झारी पाठीमागे धरली, आणि दिली नाही.