मोडलं ते खोलीचं

त्या वर्षी आमच्या मांडवावर केळी फार मोडली. हवा दमट होती, फळ नाजूक होतं, असं मालक पुढे कित्येक वर्षं सांगत. हवेचा काही दोष नव्हता. केळी आम्ही मोडली, हातानं, समजूनउमजून, आणि त्यांतली निम्मी तरी माझ्या अंगठ्याखाली गेली असतील. मला त्याची लाज वाटत नाही. तेव्हाही वाटली नव्हती.

स्वातंत्र्य मिळून तीनचार वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांची, वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून वटारच्या एका बागायतदाराकडे सुकेळी करायच्या कामाला जायची. पिकलेली राजेळी केळी सोलायची, बांबूच्या मांडवावर उन्हात मांडायची, दिवसातून दोनदा उलटायची, ऊन उतरलं की टोपल्यांत भरून झाकायची. आठवडाभरात केळ्याला मधाचा रंग येतो. मग सुक्या पानांत करकचून बांधून माल मुंबईला. उलटताना जे केळं मोडे ते गठ्ठ्यात बसत नसे. ते आम्हां बायांचं. मजुरी बेताचीच होती, पण पदराच्या गाठीत दोनचार तुकडे असले की घरी पोरं दारातच अडवायची.

माझ्या शेजारी चांदीपकडची एक बाई बसायची. तिचा नवरा बागेला पाणी लावायचा आणि दोघं बागेच्याच कोपऱ्यात झोपडी बांधून राहत. आदल्या साली ती बाळंतपणात अडली होती. बैलगाडीतून वसईला नेता नेता वाटेतच मूल गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. "औंदा गाडीत नाय बसनार," ती म्हणायची. "मरन आलं त हितंच येऊ दे." हे ती केळी सोलता सोलता, शेजारणीकडे मीठ मागावं तसं बोलायची.

गावात बाळंतखोली बांधायचं त्याच हिवाळ्यात ठरलं होतं. दवाखान्याला लागून भिंती उभ्या राहिल्या आणि काम थांबलं. कौलं नव्हती, नर्सबाईंच्या पगाराची सोय नव्हती. मग खोलीसाठी नेमलेल्या गावच्या कमिटीनं ठरवलं की ज्यानं त्यानं आपल्या कामाच्या जागी मदत गोळा करायची. अर्नाळ्याच्या कोळणींनी टोपलीमागे एक मासा खोलीसाठी बाजूला काढायला सुरुवात केली. शाळेच्या पटांगणात सभा भरली, तेव्हा आमचे मालक उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "आजपासून माझ्या मांडवावरचा मोडका माल सगळा खोलीला. उपवासकाळ जवळ आलाय. बायांनी तेवढा गोडाचा त्याग करावा."

टाळ्या पडल्या. देवळातल्या फादरांनीही वाजवल्या. मी मागे बायांत उभी होते, माझं डोकं भणाणलं. स्वतःच्या घरातलं एक केळंही न हलवता हा माणूस दानशूर झाला होता. दिलं ते आमच्या पोरांच्या तोंडातलं, आणि वर त्यागही आम्हीच करायचा!

दुसऱ्या दिवशी आम्ही मांडवापाशी सोलायला बसलो. आमच्यातली सर्वांत वयस्क बाई सोललेली केळी मांडवावर मांडत होती. मग म्हणाली, "खोली त पायजेच. मोडलं ते खोलीचं, मालकच बोलले ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग मोडू दे की."

मोडायचीसुद्धा रीत असते. दुसऱ्या दिवशीचं केळं वरून सुकलेलं आणि आतून मऊ असतं. उलटताना मध्ये अंगठा जरासा दाबला की आपणहून मोडल्यासारखं दिसतं. पूर्वी चार दिवसांत एक टोपली मोडका माल निघायचा, आता दिवसाला तीन निघू लागल्या. मुंबईचा एक मिठाईवाला तो विकत नेत होता, पैसे कमिटीकडे जात. खोलीवर वासे चढले, अर्ध्या भागावर कौलंही बसली. आम्ही घरी एक तुकडा नेत नव्हतो. पोरं रुसली, पण चांदीपकडची रोज कामावरून सुटली की पोटावर हात ठेवून कौलं बघायला जायची.

एका शनिवारी मालक मांडवापाशी आले. टोपल्या बघितल्या आणि म्हणाले, "यापुढे खोलीला दिवसाला एकच टोपली. बाकीच्या माझ्याकडे." मग माझ्यासमोर थांबले. "इतकी केळी मोडतात तरी कशी?"

शेजारी चांदीपकडची आठवा महिना संपवून बसली होती आणि खोलीचं अर्धं छप्पर उघडं होतं. मी मांडवावरचं एक चांगलं, अखंड केळं उचललं, त्यांच्या डोळ्यांदेखत मोडलं आणि खोलीच्या टोपलीत टाकलं. "अशी," मी म्हटलं.

"उद्यापासून कामाला येऊ नकोस."

"उद्या रविवार आहे, मालक. नव्हतेच येणार."

बाया माना खाली घालून केळी उलटत राहिल्या. सगळ्यांच्या घरी चुली होत्या, मला कळत होतं, तरी त्या संध्याकाळी मला सगळ्यांचा संताप आला.

रविवारी मिस्साची प्रार्थना सुटल्यावर मी देवळाच्या पायरीवर उभी राहिले. मालक फादरांशी बोलत बाहेर आले. कमिटीतले दोन गृहस्थही बरोबर होते. मी मोठ्यानं विचारलं, "मालक, मोडका माल सगळा खोलीला, की दिवसाला एकच टोपली? बाया विचारतायत."

बायांनी काहीएक विचारलं नव्हतं. भर उपवासकाळात, देवळाच्या पायरीवर मी खोटं बोलले, आणि फादरांपुढे त्या पापाचा कुमसार आजतागायत केलेला नाही.

फादर मालकांकडे बघू लागले. मालकांचा चेहरा उतरला. "सगळा," ते म्हणाले. "शब्द दिलाय मी."

मला कामावर परत घेतलं नाही ते नाहीच. पण सोमवारपासून मांडवावर पुन्हा केळी मोडू लागली, आणि ईस्टरच्या आठवड्यात शेवटची कौलं बसली.

नर्सबाई आल्या. खोलीला अजून दार नव्हतं, तेव्हा एका भरदुपारी चांदीपकडचीला कळा सुरू झाल्या. बाकीच्या बाया मांडवावर होत्या. माझं काम गेलेलं, म्हणून मी मोकळी होते. दाराच्या जागी लुगडं धरून मी उभी राहिले. नर्सबाई तिच्यावर ओरडत होत्या, ती नर्सबाईंवर ओरडत होती, आणि मग तिसराच आवाज आला. मुलगी. मी लुगड्यात तोंड खुपसून रडले.

पुढे भिंतीवर पाटी लागली, तिच्यावर मालकांचं नाव आहे. आम्हां बायांचा तिच्यावर पत्ता नाही. असू दे.

त्या दुपारी तिनं मला जवळ बोलावलं आणि कमरेची गाठ सोडली. आत एक सुकेळं होतं, मांडवावरून चोरलेलं, टोकापासून टोकापर्यंत अखंड.

"तुझ्यासाठी ठेवलं व्हतं," ती म्हणाली. "आखं हाय. खा."

मी ते मधोमध मोडलं.

"मोडलं ते खोलीचं," ती म्हणाली, आणि तिनं हसून तोंड उघडलं.