एक भिंत दोघींची

भांडगावची बानू माझी कॉलेजची मैत्रीण. दौंडला आम्ही एका बाकावर बसायचो. मी बी.ए. पूर्ण केलं. तिनं मधेच कॉलेज सोडून वडिलांची पिठाची गिरणी हातात घेतली. गावात तिचं ऐकतात, हे ठाऊक होतं. किती ऐकतात, ते त्या सकाळी गायरानात पाहिलं.

तिथं वीस घरकुलं व्हायची होती. इंजिनियर साधना मॅडमनी आधी सुटी सुटी घरं काढली होती. बानूनं सगळ्यांना बसवून नकाशा बदलून घेतला. दोन घरांत एक भिंत. म्हणजे मागं शेरडांपुरतं अंगण सुटतं. आता कुणाला कुठलं घर, याच्या चिठ्ठ्या निघणार होत्या.

"शेजार का चिठ्ठीत निघतो?" बानू म्हणाली. "जन्माची भिंत हाय. आधी जोडीदार निवडा, मग जागा."

जमिनीवर फक्कीनं घरं आखलेली होती. माणसं उठली. हरिबा आबा सख्ख्या भावाला सोडून मुजीबशेजारी जाऊन उभे राहिले.

"भाऊ तिकडं हाय की, आबा," कुणीतरी टोचलं.

"त्याच्याशी वाटणीवरनं भांडतो. ह्याच्याशी निस्तं पत्त्यांवरनं."

हसत-खिदळत नऊ जोड्या लागल्या. दोघी उरल्या. एक कस्तुराबाई. एकट्या राहतात, नळावर सगळ्यांशी वाजलेलं. दुसरी बानू.

मी बघतच राहिले. हिला कुणीच कसं घेत नाही?

"तू आमचीच हायेस गं," आबा चाचरत म्हणाले. "पन गिरणी भिंतीला आली तर फळीवरची भांडी खाली येत्याल."

बानूचे वडील चांदभाई अंथरुणाला खिळलेले. त्यांना सोडून लांब गिरणी चालवणं शक्य नव्हतं. गिरणी घरालाच हवी, नाहीतर बंद.

मग ती सरळ कस्तुराबाईंपुढं जाऊन उभी राहिली.

"मावशी, चला."

"मी कुठं तुला घेते म्हनले?"

"मग कुनाला घेताय? बघा की, उरलंय कोन."

"माझी दुपारची झोप जाईल."

"दुपारी बंद ठेवते. आन् गिरणी पल्याडच्या मोकळ्या भिंतीला लावते. तुमच्या भिंतीला आमची चूल. मॅडम, बसंल?"

मॅडमनी नकाशावर पेन्सिल फिरवली. बसत होतं.

"आधी बोलायचं की," आबा म्हणाले. "मग आमीच घेतली असती तुला. ये हिकडं. मुजीब जाईल तिकडं."

मुजीबचं तोंड उतरलं. कस्तुराबाईंनी बानूचा दंड धरला.

"गप बसा, आबा. मगाशी तोंड फिरवलं न्हवं? आता ही माझी शेजारीण."

बानूला ओढतच त्या कडेच्या चौकोनात शिरल्या.

"माझं दार उगवतीला," त्या मॅडमना म्हणाल्या. मग बानूकडं वळल्या. "आन् दळायला पैला नंबर माझा."

"रांगेनं, मावशी," बानू म्हणाली.