हौसाबाईची चॅप्टर केस

सुंदराचं प्रेत विहिरीच्या काठाला घोंगडीवर ठेवलं होतं आणि मी शेजारी उकिडवा बसून पंचनामा लिहीत होतो. पंचनामा म्हणजे जागेवर जे दिसतं ते गावच्या पंचांसमोर लिहून काढणं. दिसतं ते, कळतं ते नाही. पाय घसरून पडली, असं पंच एका सुरात म्हणाले. कडेच्या चिखलात घसरल्याची खूण नव्हती. भरलेली घागर काठावर सरळ उभी होती. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. सुंदराचा नवरा टोपी हातात घेऊन बाजूला उभा होता. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "सायेब, मयत कवा मिळंल?"

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी हवालदार होतो, वाडीतली माणसं मला जमादार म्हणायची. मुळशी हा तेव्हा पुरा तालुका नव्हता, पेटा होता, आणि पौडला मामलेदाराऐवजी महालकरी साहेब बसायचे. कोळवण खोऱ्यातली ही वाडी माझ्या बीटमध्ये होती. वाडीचं नाव सांगत नाही. तिथे अजून त्यांची माणसं राहतात.

सुंदरा माझ्या ओळखीची होती. चार महिन्यांपूर्वी ओठ फुटलेला आणि एक डोळा मिटलेला अशा अवस्थेत ती ठाण्यावर आली होती. मी तिची एन.सी. घेतली. एन.सी. म्हणजे नॉन-कॉग्निझेबल, अदखलपात्र. तक्रार लिहून घ्यायची, कोर्टात दाद माग म्हणून सांगायचं, आणि आपण पुढे काही करायचं नाही. नवऱ्याने हाताने मारलं, हाड मोडलं नाही, तर एन.सी. तिने विचारलं, "आता काय व्हईल?" मी म्हणालो, "आता घरी जा." ती गेली.

डॉक्टरांनी प्रेत तपासलं. "फुप्फुसात पाणी आहे. बुडून मृत्यू. पडली की पाडली हे फुप्फुस सांगत नाही, हवालदार." अकस्मात मृत्यू म्हणून कागद बंद झाला. त्यावर माझी सही आहे.

तीन आठवड्यांनी त्याच वाडीची एक बाई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. पन्नाशी उलटलेली, काटक, पायांना धूळ. चालत आली होती. नाव हौसाबाई.

"जमादार, तुमी सुंदरीचा कागुद लिवला न्हवं?"

"हो मावशी."

"मंग दुसरा लिवा. आमच्या वाडीत अजून एक बाई मरनार हाय."

"कोण?"

"माजी सून. पारू."

"कोण मारणार तिला?"

ती सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "माजा ल्योक. दगडू."

नोकरीत आई मुलावरचे आरोप झाकताना मी पुष्कळदा पाहिली होती. मुलावर आरोप घेऊन आलेली आई पहिल्यांदाच बघत होतो. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिने सगळं सांगितलं. दगडूला बायकोचा संशय होता. पारू कुणाशी बोलली तरी मार, नाही बोलली तरी मार. हे तीन वर्षं चाललेलं. पण सुंदराचं प्रेत उचलल्यानंतर त्याचं बोलणं बदललं होतं. जेवता जेवता तो आईला म्हणाला होता, "बगितलंस? जमादार आला, कागुद लिवला, गेला. हिरीला काय तोंड असतंय व्हय?"

दगडूला धडा मीच दिला होता.

"मावशी, मुलगा तुरुंगात जाईल कदाचित. चालेल तुम्हाला?"

"न्हाई चालनार. पर सून मेली तर त्यो फासावर जाईल. मंग माज्या घरात राहील कोन? मला दोगंबी जित्ती पायजेत."

असल्या प्रकरणात कायद्यात एकच वाट होती, चॅप्टर केस. गुन्हा अजून झालेला नाही, पण होईल अशी भीती आहे, अशा माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे, आमच्याकडे म्हणजे महालकरी साहेबांपुढे, उभा करायचा आणि शांततेने वागेन असा बॉण्ड लिहून घ्यायचा. बॉण्ड मोडला तर आत. हे कलम आम्ही गावगुंडांना आणि बांधावरून कुऱ्हाडी काढणाऱ्यांना लावायचो. नवऱ्याला लावल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

आमच्या फौजदारसाहेबांनीही ऐकलं नव्हतं.

"नवरा-बायकोच्या भांडणात चॅप्टर? हसतील लोक."

"सर, त्या विहिरीवर महिन्याभरात दुसरा पंचनामा लिहावा लागला तर कोणी हसणार नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साक्षीदार आण. निदान चार. आईच्या एकटीच्या शब्दावर महालकरी ऑर्डर देणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो. पुरुषांना देवळापुढे जमवलं. दगडू धमक्या देतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. सांगायला एक जण तयार होईना. दगडूचा चुलता म्हणाला, "घरातली गोष्ट हाय, जमादार. तुमी कशाला मधी पडताय?" दगडू स्वतः मागे उभा होता. माझी नजर गेली तेव्हा त्याने रामराम केला.

मी मोकळ्या हाताने परतलो. आता कागद पुढे सरकणार नाही, असंच मला वाटत होतं. पण चौथ्या दिवशी हौसाबाई पाच बायका घेऊन ठाण्यावर हजर. कोणी शेतमजुरी करणारी, कोणी हिरडा गोळा करून विकणारी. त्यांत एक चिमाबाई होती, मेलेल्या सुंदराची जाऊ. मी एकेकीचा जबाब घेतला. चिमाबाईची पाळी आली तेव्हा मी विचारलं, "तुम्ही का आलात?"

ती जमिनीकडे बघत बोलली. "त्या दिशी मी पान्याला चालले हुते. सुंदरीचा आवाज ऐकला. 'नगा वो, नगा वो,' करत हुती. मी हंडा घिऊन तशीच मागं फिरले."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी बायांना इचारलंच कुटं?"

खरं होतं. पंच पुरुष, जबाब पुरुषांचे. मी पेन उचललं तसा तिने हात धरला. "त्ये लिवू नगा. मला त्याच घरात नांदायचंय. पारूचं लिवा." मी फौजदारसाहेबांना सगळं सांगितलं. अंगठा नाही तर जबाब नाही, असं ते म्हणाले. सुंदराचा कागद बंदच राहिला.

महालकरी साहेबांपुढे केस आली. दगडू हात जोडून उभा. त्याच्याकडे बघून कोणालाही वाटलं असतं की याच्यावर बालंट आलंय. साहेबांनी हौसाबाईला विचारलं, "हा तुमचा सख्खा मुलगा?"

"व्हय."

"सुनेने शिकवलं का तुम्हाला हे बोलायला?"

"सून माज्याशी बोलत न्हाई सायेब. ती कुनाशीच बोलत न्हाई. भ्यालीया."

"मुलगा तुम्हाला मारतो?"

"मला न्हाई. त्याच्या बापानं मला मारलं. त्यो बगत हुता. मला तवाच कुनाला तरी सांगायला पायजे हुतं."

साहेबांनी खाली बघून ऑर्डर लिहिली. एक वर्षाचा बॉण्ड. जामीन म्हणून दगडूचा चुलताच राहिला. पुतण्याला आत जाऊ देणं त्याला कमीपणाचं वाटलं.

बाहेर आल्यावर मी बायकांना एका बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं. बॉण्ड हा कागद आहे. ठाण्यापासून वाडी तीन तासांच्या चालीवर. ओढ्याला पाणी असेल तर चार. निरोप पोचून मी येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

"मंग आमीच बसतो," हौसाबाई म्हणाली.

मला आधी कळलं नाही. नंतर बीटवर गेलो तेव्हा पाहिलं. दगडू कामावरून घरी यायच्या वेळेला चार-पाच बायका त्याच्या अंगणात येऊन बसायच्या. प्रत्येकीच्या हाताला काहीतरी काम. कोणी तांदूळ पाखडतेय, कोणी गोधडी शिवतेय. दगडूला त्या काही बोलायच्या नाहीत. नुसत्या असायच्या. जेवणं होऊन तो पडला की उठायच्या. पारू पाण्याला एकटी जायची नाही. घरातला कोयता आणि कुऱ्हाड चिमाबाईकडे ठेवलेली. दगडूला लाकूड तोडायचं असलं की तिच्या दारात जाऊन मागावं लागे, आणि काम झालं की परत न्यावं लागे.

पुरुष थट्टा करायचे. दगडूला 'बायांच्या पहाऱ्यातला' म्हणायचे. त्याने तो चिडायचा हे मला दिसत होतं. मी चुलत्याला दोनदा तंबी दिली, की थट्टा थांबवा, जामीन तुम्ही आहात. थोडी थांबली. पारू मात्र हळूहळू बोलायला लागली. एकदा मला बघून तिने स्वतः चहा टाकला. चहाला साखर नव्हती, गूळ होता. ती म्हणाली, "जमादार, रातची झोप लागती आता."

सात महिने काही झालं नाही. मी फौजदारसाहेबांना सांगितलं, जमलं. ते म्हणाले, "वर्ष होऊ दे."

मग भाताची कापणी आली. कापणी म्हणजे वाडीतलं एकूण एक माणूस खाचरात. कोणाला कोणाच्या अंगणात बसायला सवड नाही. शिवाय प्रत्येकाच्या हातात विळा. मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

भर दुपारी घडलं. शेजारच्या खाचरातल्या गड्याने पारूला पाण्याची जागा विचारली आणि तिने हाताने दाखवली. एवढंच. दगडू कापायचा थांबला आणि विळा घेऊन तिच्याकडे चालत निघाला. धावत नव्हता, चालत होता, म्हणून पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. हौसाबाईच्या आलं. ती मध्ये पडली. पारूच्या मानेवर येणारा विळा तिने उघड्या हाताने धरला.

बायकांनी हातातली कापणी टाकून त्याला घेरलं. प्रत्येकीकडे विळा होता, पण वार कोणी केला नाही. त्यांनी त्याला चिखलात पाडला आणि भारे बांधायच्या दोराने बांधला. तोवर पुरुष धावून आले. काहींनी त्याला तुडवायला पाय उचलले. हौसाबाई रक्ताने भिजलेल्या पदरात हात गुंडाळून ओरडली, "माज्या पोराला कुनी हात लावायचा न्हाई!"

निरोप मिळून मी पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. दगडू बांधावर बसलेला, दोराने बांधलेला. आई त्याच्याजवळ बसून डाव्या हाताने त्याला पाणी पाजत होती. तो तोंड फिरवत होता.

या वेळी एन.सी. नव्हती. खुनाचा प्रयत्न, दखलपात्र. पुण्याला सेशन्स कोर्टात केस चालली. पाचही बायका आल्या, अंगठे दिले, उलटतपासणीत टिकल्या. चुलत्यानेही साक्ष दिली. हौसाबाईला वकिलाने विचारलं, विळा चुकून लागला असेल? ती म्हणाली, "चुकून लागला आस्ता तर मी हितं कशाला आले आस्ते?" दगडूला सात वर्षं झाली. निकाल ऐकताना ती उभी होती. ऐकल्यावर खाली बसली.

तिच्या उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा मिटली नाहीत.

माझी बदली झाली त्या सुमारास पौडच्या एस.टी. थांब्यावर त्या दोघी सासू-सुना भेटल्या. येरवड्याहून येत होत्या. पिशवी पारूच्या हातात होती.

"भेटला का मुलगा?"

"न्हाई. दर खेपेला सांगून धाडतुया, आई मेली म्हनून समजतो."

मला राहवलं नाही. "मावशी, पस्तावा होतो?"

तिने त्या हाताने पदर सारखा केला. "मला कशाला इचारता? हिला इचारा. ही जित्ती हाय."

गाडी आली तशी पारूने सासूला दंडाला धरून आधी चढवलं.

पुढे मी आणखी चार ठाणी केली. नवऱ्याने मारलं म्हणून बाई आली की तक्रार लिहून झाल्यावर मी एक प्रश्न विचारायचो, "तुझ्याजवळ येऊन बसेल असं कोण आहे?" हा प्रश्न कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. बहुतेक जणी बराच वेळ विचार करायच्या, आणि मग मान हलवून नाही म्हणायच्या.