ओढण्याचा रकाना

महादेवजी काळबांडे गेल्याची बातमी मला नागपुरात धरमपेठच्या भाजीबाजारात कळली. मी अंबाडीची जुडी निवडत होतो आणि आमच्या पाणीपुरवठा खात्यातला एक जुना ड्रायव्हर सायकल हातात धरून समोर उभा राहिला. "बाबू, आयकलं का? काळबांडे गेले." माझ्या चेहऱ्यावर पटकन काही उमटलं नसावं, म्हणून त्यानं खुलासा केला, "तेच जी, पांढऱ्या गाड्या पास करनारे." ... खात्याची गाडी न् गाडी ज्यानं तीस वर्षं स्वतःच्या हातानं चालती ठेवली, त्या माणसाची मेल्यावर उरलेली ओळख ही! आणि ती ओळख धादांत खोटी आहे, हे त्या अख्ख्या बाजारात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्या माणसानं काय केलं? 'अरेरे' म्हणाला, अंबाडी पिशवीत टाकली आणि घरी आला. तो माणूस मी. या लेखात पुढे वाचकांना कुठे किळस वाटली, तर तिचा पत्ता आधीच देऊन ठेवतो.

महादेवजी आमच्या वर्कशॉपचे हेडफिटर. गाव काटोलकडचं, घरी थोडी संत्र्याची झाडं, शिक्षण चौथी. अंगानं काटकुळे, पण नट आवळायला बसले की दोन जण मिळून तो सोडवू शकत नसत. गाडीबद्दल कुणी काही सांगितलं की ऐकून घेत आणि मग म्हणत, "हात ठेवून पाह्यतो." गाडी दूरवरून आली की ते चाकाशी उकिडवे बसत आणि चाकाच्या मधल्या तुंब्यावर, म्हणजे हबवर, पालथा हात ठेवत. पालथाच, कारण भाजला तरी तळहात कामाला शिल्लक राहतो. बेअरिंग किती तापलं हे मोजायला लोक आकडे म्हणतात, महादेवजी घरातल्यांची नावं म्हणत, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. "आबा, माय, दादा, वयनी, सुधाकरची माय, बेबी, सुधाकर." बायकोचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ती 'सुधाकरची माय'. सुधाकरपर्यंत हात टिकला तर गाडी बरी. वहिनीपाशी उचलावा लागला तर ग्रीस बघायचं. त्याच्या आत उचलावा लागला तर गाडी तिथंच उभी. हसायचे सगळे, मीही हसायचो. पण त्यांनी उभी केलेली गाडी दुसऱ्या कुणी चालवायची हिंमत कधी केली नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे ते कोरडे उन्हाळे. गावोगावच्या विहिरी काळ्या दगडाला लागलेल्या, आणि त्या दगडात सुरुंगाची भोकं पाडायची तर हवेच्या दाबानं ड्रिल चालवणारा, चाकांवर बसवलेला जड कॉम्प्रेसर गाडीमागे जोडून तिथवर न्यायचा. खात्याला त्यासाठी पिकअप गाड्यांचा ताफा घ्यायचा होता. चाचणीला दोन आल्या. एक हिरवी, जीपच्या जातीची, चारही चाकांना जोर, बसायला लाकडी बाकासारखी आणि इंधन प्यायला अट्टल. दुसरी पांढरी, नवी, गुबगुबीत सीटची, आवाज असा की शेजारच्याशी कुजबुजता यावं. दोन्ही आठ दिवस काटोल रोडनं आणि आतल्या कच्च्या रस्त्यांनी चालवायच्या आणि तुलनेचा तक्ता करायचा, हे काम महादेवजींकडे आलं. लिहायला मी. टेम्पररी कारकून होतो तेव्हा, नोकरीत पक्कं करण्याचा कागद साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडलेला. तक्त्यात पाच रकाने आखले: किलोमीटर, इंधन, आसन, बिघाड आणि ओढण्याची ताकद.

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे आज लिहितानाही लाज वाटते. दुपारी कुठल्यातरी बांधावर त्यांच्या डब्यातली भाकर, ठेचा आणि वर संत्री. पिकअप कशी पारखायची हे त्यांनी मला तिथं शिकवलं. म्हणाले, "पाह्य गा वसंता, सपाटीवर बैल बी ओढते आन् बकरी बी ओढते. चढावर मधातच थांबव, आन् मंग उचलते का पाह्य." कॉम्प्रेसर जोडायचा, चढाच्या ऐन मध्यावर गाडी थांबवायची, चाकामागे मी दगड लावायचा आणि मग पुन्हा उचलायची. हिरवी गुरगुरत, धूर ओकत, पण जायची. पांढरी पहिल्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशी थरथरली आणि तिसऱ्या दिवशी क्लच जळाला. तो वास... जळक्या केसांसारखा, घशात बसणारा. महादेवजींनी तिच्या मागच्या हबवर पालथा हात ठेवला. "आबा, माय..." आणि हात झटकला. मग हिरवीच्या हबवर ठेवला, सुधाकरपर्यंत पोचले, तरी हात तिथंच. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "...वसंता." मी म्हटलं, मी कुठला घरचा? "तीन दिस माह्या डब्यातलं खाऊन राहिला, मंग काय बाहेरचा हाय काय?" त्यानंतर रोज ते माझं नाव शेवटी घेत. ओढण्याच्या रकान्यात त्यांनी सांगितलं तेच मी शब्दशः लिहिलं: हिरवी ओढते. पांढरी ओढत नाही.

साहेबांनी तक्ता वाचला आणि मला बोलावलं. त्यांनी पैसे खाल्ले असते तर निदान भ्रष्टाचाराला भ्रष्टाचार म्हणता आलं असतं. पण हा माणूस विकला गेला होता तो गुबगुबीत सीटला! पांढरीतून ते सहकुटुंब अंबाझरीच्या तलावावर फिरून आले होते आणि दौऱ्यावर जाताना पाठ दुखणार नाही, एवढ्यावर त्यांचा कौल पडला होता. "देशकर, हा शेवटचा रकाना अनावश्यक आहे. नवीन टाइप करा." क्लच जळाल्याचं काय, मी विचारलं. हो, एवढं विचारलं, त्याचं श्रेय हवं असेल तर घेतो. ते म्हणाले, "ओढताना जळाला ना? मग तो ओढण्याच्या रकान्यातला बिघाड." रकाना गेला, बिघाडही गेला. उरलेल्या चार रकान्यांत पांढरी पहिली आली. मूळ तक्ता फाडायचा हुकूम होता, तो मी फाडला नाही. त्याला कुणी शौर्य समजू नये. चोरही चोरीचा माल जपूनच ठेवतो. नवा कागद घेऊन मी वर्कशॉपात गेलो. महादेवजी गाडीखाली होते. आडवे पडूनच त्यांनी हात बाहेर काढला. वाचा तरी, मी म्हणालो असेन, किंवा म्हणालो नसेन... आता आठवत नाही असं म्हणणं सोयीचं आहे. त्यांचे शब्द मात्र आठवतात. "तूनं टाइप केलं न? मंग वाचू कायले?" ग्रीसचा अंगठा उमटला आणि शेजारी सही. महिन्याभरात मी नोकरीत पक्का झालो.

पांढऱ्या गाड्यांचा ताफा आला, हार घातले, नारळ फुटले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात चढाचढावर त्या जळका वास सोडत उभ्या राहू लागल्या. चाचणीतली ती एकुलती हिरवी वर्कशॉपच्या पदरात पडली होती. मग काय, महादेवजी हिरवी घेऊन जायचे आणि तिच्यामागे पांढरी, पांढरीमागे कॉम्प्रेसर अशी वरात गावात शिरायची. नाकारलेली गाडी पास झालेल्या गाडीला ओढते आहे, हे बघून लोक टाळ्या पिटायचे आणि विचारायचे, "पास कोनं केली गा हे?" उत्तर कागदावर होतं. महादेवजींच्या स्वतःच्या गावची विहीर तेवढी पावसाळ्याआधी खोल करायची राहिली. एकटी हिरवी किती गावांना पुरणार? गावातल्या बायांना आणखी एक उन्हाळा नाल्यातले झिरे खरवडावे लागले आणि पारावर त्यांच्या थोरल्या भावादेखत कुणीसं म्हणालं, "महादेवानं गाडी पास केली आन् गावाले तहानेनं मारलं." ज्या माणसाचा शब्द गावात बैल घेतानासुद्धा विचारला जायचा, त्याला नंतर कुणी सायकल घेतानाही विचारलं नाही.

माझ्या टेबलापाशी ते एकदाच आले. "बाबू," ते म्हणाले, ऑफिसात ते मला नेहमीच बाबू म्हणत, पण त्या दिवशी तो शब्द टोचला, "त्या कागदात ओढायचा रकाना होता न?" मी म्हणालो, साहेबांनी काढायला लावला. ते माझ्या टाइपरायटरकडे बघून म्हणाले, "मले सांगतलं असतं त म्या सही नसती केली." आणि मग, "काहून नाई सांगतलं?" मी टाइपरायटरमधला कागद सरळ केला. "पक्का झाला न तू?" मी मान हलवली. "मंग आता बोंबलून काय फायदा? तुही नोकरी जाईन. आन् सही त माहीच हाय." एवढं बोलून गेले, आणि पुढे निवृत्तीपर्यंतच्या अकरा वर्षांत, आणि नंतरही, त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. मी त्यांच्या घरी गेलो नाही, त्यांच्यासमोर जेवलो नाही. एकदा मात्र दौऱ्यावर असताना आमची पांढरी अडकली आणि सोडवायला तेच आले. नाक्यावर हिरवी थांबवून ते हबपाशी बसले. मी मागे उभा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "...बेबी, सुधाकर, वसंता." मला वाटलं होतं, नाव गाळलं असेल. गाळलं असतं तर बरं झालं असतं. तिथल्या तिथं रस्त्याच्या कडेला मला उलटी झाली. साहेब म्हणाले, ऊन लागलं.

महादेवजींच्या शोकसभेला मी गेलो, कारण दुखवट्याचा ठराव लिहायला पेन्शनीतल्या मलाच बोलावलं होतं. माझा मसुदा चांगला असतो म्हणे! बशीत बटाटेवडे होते, आणि अध्यक्षस्थानी तेच साहेब, आता केस रंगवलेले. वडा संपवून बोटं पुसता पुसता म्हणाले, "देशकर, ते वाहनांच्या निवडीचं अवश्य घाला. पारखी माणूस होता." आणि मी ते घातलं. 'खात्याच्या वाहनांची निवड त्यांच्या पारखी नजरेतून झाली.' हे वाक्य माझं आहे, माझ्या अक्षरात आहे. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मला हॉलभर जळक्या क्लचचा वास येत होता आणि तो कुठून येतो हे शोधायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मूळ तक्ता खिशात घालून काटोलची एसटी धरली. निवृत्तीनंतर महादेवजींनी हिरवी लिलावात उचलली होती, आता त्यांचा मुलगा सुधाकर तिच्यातून नागपूरच्या बाजारात संत्री नेतो. मी अंगणात बाजेवर बसलो होतो तेव्हा तो रिकाम्या पेट्या घेऊन परतला. मागे कुणाची तरी बंद पडलेली गाडी दोरानं बांधून आणली होती. खाली उतरला आणि माझ्याशी बोलण्याआधी चाकाशी उकिडवा बसला. पालथा हात. "आबा, माय, दादा, वयनी, सुधाकरची माय, बेबी, सुधाकर, वसंता." स्वतःचं नाव, आईचं ते तसलं नाव, सगळं बापाच्या तोंडचं जसंच्या तसं. वसंता कोण, मी विचारलं. "काय मालूम जी! बाबाले लय खेप इचारलं. 'हाय एक घरचा', म्हणत."

मी त्याला तक्ता दिला. मी ऑफिसातला देशकर, हा रकाना मी गाळला, तुझ्या वडिलांनी तो लिहवून घेतला होता आणि मी न सांगता त्यांची सही घेतली, हे सगळं सांगितलं. त्यानं दोनदा वाचलं. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडला नाही. "माह्या बापाले गावानं पानी बी पाजू नये, असं बोलत होते लोकं, बाबू," तो म्हणाला. आतून त्याची आई चहा घेऊन आली, तो त्यानं तिच्या हातातून घेतला आणि अंगणात ओतून दिला. मला ते योग्य वाटलं. मग कागद घेऊन तो पाराकडे गेला आणि मी एसटीच्या थांब्याकडे.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. वसंता म्हणजे मी, हे. सांगितलं असतं तर पुढच्या खेपेला त्यानं ते नाव गाळलं असतं, आणि त्याची मला भीती वाटली. या वयातही, एवढं सगळं करूनही, त्या यादीत राहण्याची हाव सुटत नाही, याची शिसारी येते. म्हणून ते इथं लिहून टाकतो. वर्तमानपत्राची ही पुरवणी काटोललाही जाते. सुधाकर, वसंता मीच. तुला ते नाव गाळायचं तर खुशाल गाळ. तुझे वडील सात नावांत गाडी बरोबर ओळखत, आठव्याची गरज हिरवीला कधीच नव्हती.